व्यापाऱ्याची वाणी आणि बोधाचे सत्य

पातंजल योगसूत्रांच्या साधनपादात जे पाच यम सांगितले आहेत, त्यांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य येते, आणि त्या सूत्रावरील व्यासभाष्यात सत्याचे जे लक्षण दिले आहे ते रूढ समजुतीपेक्षा पुष्कळच कठोर आहे. वस्तू जशी पाहिली, अनुमानाने जाणली किंवा ऐकली, तशीच ती मनात राहावी आणि तशीच वाणीत उतरावी, एवढे सांगून भाष्यकार थांबत नाहीत. आपल्याला झालेला बोध दुसऱ्यापर्यंत पोहोचावा यासाठीच माणूस बोलतो हे गृहीत धरून ते वाणीला आणखी अटी घालतात: ती फसवणारी नसावी, संभ्रमात टाकणारी नसावी आणि ‘प्रतिपत्तिवंध्या’, म्हणजे ऐकणाऱ्याला कोणताच बोध न देणारी, नसावी. या अटी मान्य केल्या की वाक्य आणि वस्तू यांचा मेळ बसला एवढ्याने सत्याचा निवाडा होत नाही. ऐकणाऱ्याच्या मनात अखेर काय उमटले, हेही पाहावे लागते.

लहान व्यापाऱ्याने आपल्या दुकानाचे संकेतस्थळ उभारणे ही आज तांत्रिक, फार तर आर्थिक बाब मानली जाते. पाने किती, रंग कोणता, खर्च किती, शोधयंत्रात दुकान वर दिसेल का, या प्रश्नांभोवतीच तिची चर्चा फिरते. वास्तविक ती आधी वाणीची बाब आहे. दुकानात गिऱ्हाईक समोर बसलेले असते, त्याच्या चेहऱ्यावरची शंका दुकानदाराला दिसते आणि चुकीचा समज झाला असेल तर तो तिथल्या तिथे दुरुस्त करता येतो. संकेतस्थळावरची वाणी मात्र आधीच रचून ठेवलेली असते, ती कोण, कुठे, कोणत्या घाईत वाचील हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते, आणि वाचणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय बहुधा नसते. म्हणूनच दुकानातल्या बोलण्यात ज्या जबाबदारीचा भार ऐकणारा आणि बोलणारा वाटून घेतात, तिचा जवळजवळ सगळा भार इथे बोलणाऱ्यावर येतो, आणि भाष्यकारांची कसोटी या वाणीला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या वाणीला लागू पडत असेल.

न्यायदर्शनाने ज्ञानाची जी साधने मानली, त्यांना ‘प्रमाणे’ म्हणतात. त्यांपैकी प्रत्यक्ष म्हणजे इंद्रियांनी होणारे ज्ञान आणि शब्द म्हणजे विश्वासार्ह व्यक्तीच्या वचनातून होणारे ज्ञान, या दोहोंचा इथे संबंध येतो. अशा व्यक्तीला ‘आप्त’ ही संज्ञा आहे, आणि न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनांनी तिचे लक्षण सांगताना दोन गोष्टींवर भर दिला आहे: आप्ताने ती वस्तू स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच ती सांगण्याची इच्छा त्याला असावी. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असेही ते नमूद करतात. आप्तत्व जन्मावर किंवा विद्वत्तेवर अवलंबून नाही, हा त्याचा अर्थ. आणि त्या न्यायाने येवल्यातला एखादा हातमागावर पैठणी विणणारा कारागीर, आपल्या वस्त्रापुरता, पूर्णार्थाने आप्त ठरतो. ताणा कोणत्या रंगाचा लावला, जर कोणती वापरली, पदराला किती दिवस लागले, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. संकेतस्थळाच्या निमित्ताने प्रश्न इतकाच उरतो की त्याचे हे जाणणे पडद्यावर शाबूत पोहोचते की वाटेत विरून जाते.

पैठणीचेच उदाहरण पुढे न्यावे, कारण प्रत्यक्षाची जागा शब्दाने घेताना काय काय हरवते ते या वस्त्राइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. पारंपरिक हातमागाच्या पैठणीत पदरावरचे मोर, कमळे, आसावली ही नक्षी वेगवेगळ्या रंगांच्या छोट्या कांड्यांनी, धाग्यात धागा अडकवत विणली जाते, आणि त्यामुळे पदराची मागची बाजू पुढच्या बाजूसारखीच साफ दिसते. यंत्रमागावर विणलेल्या नक्षीत मागे बहुधा सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. जाणते गिऱ्हाईक दुकानात गेले की पहिल्यांदा पदर उलटून पाहते; दुकानदाराने काहीही सांगितले तरी त्या एका कृतीत त्याच्या वचनाची परीक्षा होऊन जाते. पडद्यावर पदर उलटता येत नाही. त्यामुळे संकेतस्थळाच्या योजनेत मागच्या बाजूचे, धागा न् धागा दिसेल इतक्या जवळून घेतलेले छायाचित्र ठेवायचे की नाही, हा मांडणीचा किरकोळ तपशील उरत नाही. ते छायाचित्र ठेवणारा व्यापारी गिऱ्हाइकाच्या हातून निसटलेले प्रत्यक्ष प्रमाण, जितके परत देता येईल तितके, त्याला परत देत असतो.

रंगाची अडचण याहून सूक्ष्म आहे. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की वस्त्र प्रकाशाच्या कोनाप्रमाणे रंग बदलते. ही धूपछाव पैठणीचे वैभव मानली जाते. एका छायाचित्रात या दोन रंगांपैकी एकच प्रामुख्याने पकडला जातो, आणि वाचणाऱ्याच्या फोनचा पडदा त्यात आणखी फेरफार करतो. छायाचित्र खोटे नसते, त्यात कोणी काही मिसळलेलेही नसते, तरीही त्यातून होणारा बोध चुकीचा असतो. व्यासभाष्याच्या वर्गवारीत ही फसवणारी वाणी नव्हे. ती संभ्रमात टाकणारी आहे, आणि तिचा दोष हेतू शुद्ध असल्याने धुऊन जात नाही. उपाय साधे आहेत: दिवसाच्या उजेडात घेतलेली दोन-तीन कोनांतली छायाचित्रे, वस्त्र हलवून दाखवणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत, आणि ताणा अमुक रंगाचा व बाणा तमुक रंगाचा असे सांगणारे एक वाक्य. पडद्यावरचा रंग थोडा निराळा दिसू शकतो, अशी सूचना बहुतेक संकेतस्थळांवर तळाशी असते. तिचा हेतू प्रामुख्याने वादापासून बचाव हा असतो, बोध हा क्वचितच असतो, म्हणून तिने वरच्या वाक्याची जागा भरून निघत नाही.

आता संकेतस्थळ प्रत्यक्षात कसे घडते त्याकडे वळले पाहिजे. कामाचा सर्वसाधारण क्रम असा असतो की प्रथम तयार साचा, म्हणजे टेम्प्लेट, निवडला जातो. त्यात मोठ्या चित्राची, घोषवाक्याची, तीन-चार चौकटींची जागा आधीच ठरलेली असते. आणि मग त्या जागा भरण्यासाठी व्यापाऱ्याकडे मजकूर मागितला जातो. मजकूर हाती येईपर्यंत त्या जागी ‘लोरेम इप्सम’ नावाचा भरीचा मजकूर ठेवण्याची प्रथा आहे. या मजकुराचे मूळ विलक्षण आहे. रोमन विचारवंत सिसेरो याने इसवी सनापूर्वी ४५ मध्ये परम श्रेय कशाला म्हणावे या प्रश्नावर जो लॅटिन ग्रंथ लिहिला, त्यातील सुख आणि दुःख यांच्या विवेचनाची मोडतोड करून हे निरर्थक शब्द तयार झाले आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छपाईच्या मांडणीसाठी त्यांचा प्रसार झाला आणि पुढे संगणकावरच्या मांडणीतही ते रूढ झाले. माणसाने कशासाठी जगावे याविषयीचे गंभीर चिंतन केवळ जागा भरण्याच्या कामी यावे, ही घटना प्रतिपत्तिवंध्य वाणीचे याहून नेमके उदाहरण सापडणार नाही इतकी बोलकी आहे. तिचा परिणाम पुढेही टिकतो. आकार आधी आणि अर्थ मागाहून असा क्रम एकदा ठरला की खरा मजकूरही भरीच्या मजकुरासारखाच लिहिला जातो: ‘गुणवत्तेची परंपरा’, ‘ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय’, ‘विश्वासाचे दुसरे नाव’. या वाक्यांपैकी एकही खोटे ठरवता येत नाही आणि एकातूनही वाचणाऱ्याला काही कळत नाही. पैठणीच्या दुकानाला, पिठाच्या गिरणीला आणि दाताच्या दवाखान्याला ती सारखीच चालतात, यावरूनच त्यांचे वंध्यत्व सिद्ध होते.

शब्दबोधाच्या विचारात ‘आकांक्षा’ ही एक अट सांगितली जाते. एका पदाचा अर्थ पुरा होण्यासाठी दुसऱ्या पदाची जी अपेक्षा राहते, ती आकांक्षा. ती भागली नाही तर पदे असूनही वाक्य होत नाही. हीच कल्पना थोडी विस्तारली तर संकेतस्थळाची योजना कुठून सुरू व्हावी ते सापडते. दुकानात येणारी आणि फोन करणारी माणसे काय विचारतात, त्याची यादी करणे ही पहिली पायरी ठरते: पैठणी हातमागाची आहे की यंत्रमागाची, रेशमाला सिल्क मार्क, म्हणजे शुद्धतेची खूण, आहे का, पदर किती इंची, ब्लाऊज पीस साडीतच धरला आहे की वेगळा, नवी विणून हवी असेल तर किती महिने लागतील, पसंत न पडल्यास परत घेतली जाते का, आणि पाठवणीचा खर्च कोणाचा. या प्रश्नांतूनच पानांचा आराखडा, ज्याला साइटमॅप म्हणतात, तो ठरतो. त्यानंतर रंग आणि चित्रे बाजूला ठेवून नुसत्या चौकोनांनी प्रत्येक पानाची रचना कागदावर काढली जाते, तिला वायरफ्रेम म्हणतात. आणि दृश्य रूप या दोहोंच्या मागाहून येते. संकेतस्थळे बांधणारे अनुभवी कारागीर असाच क्रम सुचवतात, तो सोयीचा असतो म्हणून. त्या सोयीमागे एक नैतिक कारणही आहे. या क्रमात वाचणाऱ्याची आकांक्षा हा संपूर्ण बांधकामाचा पाया होतो, तर साच्यापासून सुरू होणाऱ्या क्रमात व्यापाऱ्याची स्वतःविषयीची हौस तो पाया होते.

इथे एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. आपल्या मालाची स्तुती करणे हा व्यापाराचा स्वभाव आहे. ती स्तुती शब्दशः कोणी घेत नाही. मग तिला सत्याचा काटा लावणे अतिरेकी ठरत नाही काय? पूर्वमीमांसेने या प्रश्नाशी दुसऱ्या संदर्भात झुंज दिली आहे. वेदातील ज्या वाक्यांत एखाद्या कर्माची वा देवतेची स्तुती असते त्यांना ‘अर्थवाद’ म्हणतात, आणि ‘हे कर्म करावे’ असे सांगणाऱ्या वाक्याला ‘विधी’ म्हणतात. अर्थवाद स्वतंत्रपणे प्रमाण नाही. विधीशी जोडला जाऊन त्याच्याशी एकवाक्यता पावला तरच त्याला प्रामाण्य येते, असा मीमांसकांचा निर्णय आहे. व्यापाऱ्याच्या स्तुतीलाही हाच न्याय लावणे उचित दिसते. ‘डोळ्यांचे पारणे फेडणारी’ हे विशेषण पदराची लांबी, नक्षीचा प्रकार आणि विणण्याची पद्धत सांगणाऱ्या वाक्याला जोडून आले तर ते त्या वस्तुस्थितीकडे लक्ष वेधते आणि निर्दोष राहते. वस्तुस्थिती वगळून ते एकटे आले तर त्याला टेकायला जागा उरत नाही. ‘शुद्ध रेशीम’ आणि ‘हातमाग’ हे शब्द मात्र स्तुतीच्या कक्षेत येतच नाहीत. ते वस्तूविषयीचे विधान आहेत, आणि त्यांना स्तुतीची सवलत देणे म्हणजे सत्याचा काटाच काढून टाकणे होय.

याहून गंभीर दोष असे आहेत की ज्यांत स्तुती नाही आणि वरकरणी खोटे वाक्यही नाही. त्यांची मीमांसा जैन श्रावकाचारात फार बारकाईने झाली आहे. श्रावक म्हणजे गृहस्थाश्रमी जैन. त्याने पाळायच्या मर्यादित व्रतांना अणुव्रते म्हणतात. आणि व्रत पूर्णपणे न मोडता त्याला तडा जातो अशा आचरणाला ‘अतिचार’ म्हणतात. दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही पंथांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात प्रत्येक अणुव्रताचे पाच अतिचार मोजले आहेत. हे व्रत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळले त्या समाजात व्यापाऱ्यांची संख्या मोठी होती, ही गोष्ट विसरता कामा नये, कारण या याद्यांमधून पेढीवरच्या माणसाचा अनुभव बोलतो. अचौर्याच्या अतिचारांत खोटी मापे आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून खपवणे, हे दोन येतात. सेमी पैठणीच्या, म्हणजे पैठणीसारख्या दिसणाऱ्या पण अस्सल नसलेल्या साडीच्या, चित्राखाली नुसते ‘पैठणी’ लिहिणे हे त्यांतल्या दुसऱ्याचे सरळ उदाहरण आहे.

सत्याच्या अतिचारांपैकी दोन इथे विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला ‘कूटलेखक्रिया’. पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरील सर्वार्थसिद्धी या टीकेत त्याचा जो खुलासा केला आहे त्याचा आशय असा की, दुसरा माणूस जे बोललाच नाही ते तो बोलला असे, फसवण्यासाठी, लिहून ठेवणे म्हणजे कूटलेखक्रिया. नव्या संकेतस्थळावर ‘ग्राहकांचे अभिप्राय’ अशी चौकट साच्यातच असते, पहिल्या दिवशी ती रिकामी दिसते, आणि ती भरून काढण्यासाठी काल्पनिक नावांनी दोन-चार प्रशंसापर ओळी टाकण्याचा मोह अनेकांना होतो. पंधराशे वर्षांपूर्वीच्या टीकाकाराने केलेली व्याख्या या कृतीला शब्दाचाही फेरफार न करता लागू पडते. रिकामी चौकट काढून टाकणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि त्याला काही मिनिटेच लागतात.

दुसरा अतिचार ‘न्यासापहार’. न्यास म्हणजे विश्वासाने दिलेली ठेव. ठेवणारा माणूस किती ठेवले होते ते विसरला आणि त्याने परत मागताना कमी आकडा सांगितला, तर ठेव सांभाळणाऱ्याने ‘हो, तेवढेच’ एवढेच म्हणणे, असा न्यासापहाराचा अर्थ टीकेत केला आहे. यात सूक्ष्म गोष्ट अशी की चुकीचा आकडा ठेवणाऱ्यानेच सांगितलेला असतो. सांभाळणारा केवळ होकार देतो. आणि तरीही हा दोष चोरीच्या नव्हे तर असत्याच्या खात्यात मांडला आहे. दुसऱ्याच्या विसरण्यावर आपला नफा उभारणे ही असत्य वाणी आहे, हा त्यामागचा निर्णय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला नकळत भलत्या निवडीकडे ढकलणाऱ्या मांडण्या, यांविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत असे १३ प्रकार नोंदवले आहेत: खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत घालणे, वर्गणी सुरू करणे सोपे आणि बंद करणे अवघड ठेवणे, इत्यादी. त्याआधी २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी आधीच टिचकी मारून ठेवलेल्या चौकोनाला ग्राहकाची संमती मानण्यास मनाई केली होती. त्या चौकोनातली खूण काढायला ग्राहक विसरतो, आणि यंत्रणा ‘हो, तेवढेच’ म्हणते. कायद्याला हा दोष ओळखायला जो काळ लागला त्याचे कारण कदाचित हे असावे की कायदा खोटे वाक्य शोधत होता; श्रावकाचाराने आधीपासूनच बोधावर नजर ठेवली होती.

गिऱ्हाइकाचा फोन क्रमांक, पत्ता, लग्नाची तारीख ही माहितीही न्यासच आहे. पैठणी बहुधा लग्नासाठी घेतली जाते, आणि मागणीच्या अर्जात तारीख विचारणे विणकराला आवश्यक असते. तीच तारीख मंगल कार्यालयाच्या किंवा दागिन्यांच्या जाहिरातदाराला पोहोचवणे हा ठेवीचा अपहार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ यानेही संमती ज्या हेतूसाठी दिली त्या हेतूपुरताच माहितीचा वापर मान्य केला आहे. संकेतस्थळाची योजना करताना अर्जात जितके रकाने अगदी लागतील तितकेच ठेवणे, हा या व्रताचा सर्वांत सोपा आचार.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली आणि तुलाधार यांचा संवाद आहे. जाजली हा घोर तपस्वी; त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटे केले तरी तो हलला नाही. तरीही धर्म जाणून घ्यायला त्याला वाराणसीतल्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जावे लागते, आणि तुलाधार आपल्या धर्माचे वर्णन करताना सांगतो की आपला तराजू सर्व प्राणिमात्रांसाठी सारखा आहे. संकेतस्थळाच्या बाबतीत हा समतोल अगदी मूर्त स्वरूपात तपासता येतो. दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली वापरते. चित्रासोबत त्याचे शाब्दिक वर्णन लिहिलेले नसेल तर त्या प्रणालीला फार तर चित्राच्या फाइलचे निरर्थक नाव उच्चारता येते. सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत अशा वर्णनाची आणि अक्षरे व पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ इतक्या उठावाची अट आहे. आजच्या आवडीची फिकी राखाडी अक्षरे वृद्धांना वाचता येत नाहीत, आणि अवजड चित्रांनी भरलेले पान खेड्यातल्या मंद जोडणीवर उघडत नाही. या दोन्ही ठिकाणी काही गिऱ्हाइकांसाठी तराजू आपोआप झुकलेला असतो. पैठणीच्या पदराचे शब्दांत वर्णन करणे कठीण आहे हे खरे, पण ‘हिरव्या पदरावर कमळात बसलेले चार मोर, काठ नारळी’ एवढे लिहिल्यानेही जिला दिसत नाही तिच्या पदरात काहीतरी पडते.

अशा वाणीचा कर्ता कोण, हा प्रश्न मागे उरतो. शब्द लिहिणारा एक, मांडणी करणारा दुसरा, साचा परदेशात तयार झालेला, आणि आता कित्येकदा मजकूरच यंत्राने रचलेला असतो. त्यामुळे दोष दाखवला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. योगसूत्रांनी या पळवाटेचा विचार आधीच केला आहे. हिंसा, असत्य इत्यादींचे तीन प्रकार तिथे सांगितले आहेत: कृत म्हणजे स्वतः केलेले, कारित म्हणजे दुसऱ्याकडून करवलेले आणि अनुमोदित म्हणजे दुसऱ्याने केलेले पसंत केलेले. यांपैकी एकही प्रकार दोषमुक्त नाही. ‘दिसायला छान आहे, टाकून द्या’ असे म्हणून न वाचता मजकूर मंजूर करणारा दुकानदार अनुमोदनाने बांधला जातो, आणि ‘मालकानेच सांगितले’ म्हणून खोटे अभिप्राय टाकणारा तंत्रज्ञ कृतीने. यंत्राने रचलेल्या मजकुरात एक वेगळी उणीव असते: ‘तीन पिढ्यांचा वारसा’ हे शब्द ते सहज लिहिते, पण वात्स्यायनांनी आप्तासाठी घातलेली पहिली अट, म्हणजे वस्तू स्वतः जाणलेली असणे, ते पुरी करू शकत नाही. ती अट पुरी करणारा माणूस मागावर बसलेला असतो, आणि त्याला विचारूनच ते वाक्य राहू द्यायचे की खोडायचे ते ठरवता येते.

पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपाचा अनुभवही या संदर्भात नोंदवण्याजोगा आहे. ते चिन्ह जोडणी कूटबद्ध आहे एवढेच सांगत असे, पण दुकान प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ असंख्य लोकांनी घेतला. म्हणून क्रोम या न्याहाळकाने २०२३ मध्ये ते कुलूप काढून त्या जागी तटस्थ चिन्ह आणले. खरे बोलणारे चिन्ह चुकीचा बोध देते म्हणून मागे घेतले गेले, ही व्यासभाष्यातल्या लक्षणाला तंत्रज्ञानाने दिलेली मान्यताच म्हणावी लागेल.

संकेतस्थळ सुरू झाल्यावर काळाचा दोष सुरू होतो. लिहिले तेव्हा खरे असलेले वाक्य जरीचा भाव वाढला, विणकर बदलला, दुकानाची सुटी सोमवारवरून मंगळवारवर गेली की आपोआप असत्य होते, आणि त्यासाठी कोणाला काही खोटे बोलावे लागत नाही. म्हणून वार्षिक देखभालीचा करार, प्रत्येक किमतीशेजारी ती कधीची आहे तो दिनांक, आणि मजकूर कोणी बदलायचा त्या माणसाचे ठरलेले नाव, या गोष्टी बांधकामाच्या योजनेतच असायला हव्यात. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नोंदवलेले नाव, दुकानदाराच्या स्वतःच्या नावावर घ्यावे, बांधणाऱ्याच्या नव्हे, कारण ती नोंद मुदतीची असते आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण झाले नाही तर काही काळाने ते नाव कोणालाही घेता येते. दुकान बंद करणाऱ्या घराने शेवटच्या पानावर दुकान बंद झाल्याचे, जुन्या मागण्यांचे काय होईल त्याचे आणि दुरुस्तीसाठी कोणाकडे जावे त्याचे चार ओळींत निवेदन ठेवून पुढची काही वर्षे ते नाव आपल्याकडेच राखले, तर त्या नावावर विश्वास ठेवून येणाऱ्या गिऱ्हाइकाशी तिसराच कोणी त्याच नावाने बोलण्याची शक्यता तेवढ्या काळापुरती तरी टळते. आणि त्याला लागणारा खर्च वर्षाच्या नोंदणी शुल्काएवढाच असतो.